दगड चुकला, यंत्र नाही

जंगलातलं वाघाचं राज्य संपून मोजणीखात्याचं आलं, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या जीपच्या पाठीवर दिशायंत्र बसवलं होतं. जीप कुठे वळली, किती धावली, हे ते पोटात गरगरणाऱ्या भोवऱ्यांवरून ओळखायचं. फक्त निघण्याआधी निवांत उभं राहून उत्तर दिशा धरायची आणि वाटेत वरचेवर थांबून साचलेली चूक झाडून टाकायची, एवढा नेम होता.

"यंत्रदादा, थांबू या का जरा?" जीपने विचारलं.

"थांबायचं ते अडाण्यांनी! मी चुकतच नाही, तर झाडायचं काय? चल!"

जीप कुठेही न थांबता धावली. संध्याकाळी दोघं डोंगरमाथ्यावरच्या मोजणीच्या दगडाशी पोचली; मुलखाची सारी मोजणी त्याच्यापासूनच सुरू व्हायची. यंत्र आपलाच आकडा पाहून दगडावर खेकसलं, "तुझी जागा चुकली. तू खालच्या तळ्यात हवास!"

"बाबा रे, मी आजवर तसूभरही हललेलो नाही," दगड म्हणाला.

"तेच तर! जागचा न हलणाऱ्याला दिशा काय कळणार?"

जीपला हसू आवरेना. पण सकाळी मोजणीखात्याचे साहेब आले. त्यांनी यंत्राचा आकडा वाचला, मान डोलावली आणि दगड उखडायला पहारी मागवल्या.

आता त्या मुलखाची सारी मोजणी तळ्याच्या तळापासून सुरू होते, आणि जीपला वाटेत थांबायची सक्त मनाई आहे.