कडी वाजते तेव्हा

“म्हणजे लोकांच्या लक्षात राहिलो, हाच माझा गुन्हा झाला का, बुवा?”

भानुबुवा पावटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लक्षात तू राहिलास?”

“माझी जाहिरात राहिली. एकच की.”

“हं...”

शेंग उकलली. दाणे पातेल्यात पडले.

उन्मेष देशिंगकर मुंबईहून स्वतः गाडी चालवत आला होता, आणि आल्यापासून तोच बोलत होता. सीना नदीच्या काठावरच्या या लहानशा मठात तो शाळकरी वयात राहिला होता, बुवांच्या हाताखाली पखवाज शिकला होता. पुढे पखवाज सुटला. उन्मेष जाहिरातींच्या धंद्यात शिरला आणि तिथे त्याने नाव काढलं. माणसाचं लक्ष कशाने वेधलं जातं ते याला सगळ्यांच्या आधी कळतं, असं लोक म्हणायचे. हळूहळू तो स्वतःही तसं म्हणू लागला.

त्या वर्षी त्याने एका मसाल्याची जाहिरात केली होती. सुरुवातीला पडदा काळा. चित्र नाही, गाणं नाही. फक्त दाराची कडी वाजते... आणि एका पोराचा आवाज येतो, “आई, आलो गं. भूक लागली.” मग दार उघडतं, दप्तर टाकून पोर आत धावतं, शेगडीवर रस्सा रटरटत असतो, आणि शेवटी मसाल्याचं पाकीट.

त्या कडीसाठी उन्मेषने जिवाचा आटापिटा केला होता. कुठल्या कुठल्या गावांतून जुनी दारं शोधली, त्यांच्या कड्या वाजवून पाहिल्या. शेवटी आवाज इतका हुबेहूब उतरला, की घराघरांत माणसं टीव्हीसमोरून उठून दार उघडायला जाऊ लागली. त्याला बक्षीस मिळालं. फोटो छापून आला.

मग मसाल्याच्या कंपनीने लोकांची मतं घेतली. वर्षभरात सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली जाहिरात... उन्मेषची. सगळ्यात जास्त वैताग आणणारी... तीही उन्मेषचीच. कंपनीच्या साहेबांनी चहा पाजून, गोड शब्दांत सांगितलं, की आता आपण ती बंद करतोय.

“दोन्ही एकदम कसं असेल, बुवा? लक्षातही ठेवायचं आणि वैतागायचंही?”

“कडी वाजली की माणूस काय करतो?”

“उठतो. तीच तर गंमत आहे.”

“उठून?”

“दाराशी जातो.”

“दारात कोण असतं?”

“कोणी नसतं. मग त्याला कळतं आणि तो हसतो.”

“पहिल्या दिवशी.”

उन्मेषने एक रिकामी शेंग उचलून चुरगाळली.

“तू त्याला उठवलंस,” बुवा म्हणाले. “आणि दारात कुणाला उभं केलं नाहीस.”

हे उन्मेषला लागलं. गालावर चापट बसावी तसा त्याचा चेहरा झाला. पण तो वाद घालण्यात तरबेज होता.

“बुवा, जाहिरात आहे ती. मसाला विकायला केलेली. अर्ध्या मिनिटात कुणाकुणाला दारात उभं करायचं? तुम्ही टीव्ही बघत नाही, म्हणून तुम्हाला...”

“बघतो की. रोज.”

“तुम्ही?”

“तुझी जाहिरात तर कधी चुकवत नाही.” बुवांनी पातेलं उचललं आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. “आज राहा. संध्याकाळी बरोबर बसून बघू.”

उन्मेष मनातून सुखावला. निदान बुवा तरी रोज बघतात.

---

मठाच्या पडवीत एका भक्ताने दिलेला टीव्ही होता. दिवेलागणीची आरती झाली की मठातली चारदोन म्हातारी माणसं आणि शेजारपाजारचे लोक तिथे जमत. रिमोट कानडे गुरुजींच्या हातात असे. गुरुजी निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर मठात येऊन राहिलेले. मालिका ते मुकाट्याने बघत, पण जाहिरात लागली की त्यांच्या अंगात वर्ग संचारायचा.

“हे बघा. साबण लावला की म्हणे नशीब उजळतं. बस खाली.”

साबणवाली बाई गेली. मोबाइलवाला आला.

“हा एक. घसा बसेल एवढा ओरडतो. जवळच आहोत आम्ही, बाळा.”

असं म्हणत त्यांनी आवाज कमी केला. लोक हसले. उन्मेषही हसला, पण जरा जपूनच.

मग पडदा काळा झाला.

कडी वाजली.

“आली,” कुणीतरी कंटाळून म्हणालं.

“आलं कार्टं,” गुरुजी पुटपुटले.

आणि त्यांनी आवाज वाढवला.

उन्मेषला त्याचं नवल वाटलं. तो विचारणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. तिने मनगटानेच डोक्यावरचा पदर सारखा केला. टीव्हीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती अंगणाच्या फाटकाकडे बघत होती.

“आई, आलो गं. भूक लागली.”

“ये,” ती म्हणाली.

एवढंच. हळू. मग ती वळली आणि आत गेली. पडद्यावर मसाल्याचं पाकीट आलं तेव्हा आतून भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

गुरुजींनी आवाज पहिल्यासारखा केला.

उन्मेष बुवांच्या कानाशी वाकला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

“बघितलंत, बुवा? अजून फसतात लोक.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून उन्मेषला ती जास्तच जड गेली.

“ती फसत नाही, उन्मेष.”

“मग?”

“सुंदराबाई. तू गेल्यावर आली मठात. भागवत नावाचा मुलगा होता तिला. तापाने गेला... शाळेत जात होता तेव्हा. तीस-एक वर्षं झाली असतील. इथे आल्यापासून तिने त्याचं नाव काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर चुलीत लाकूड सारायची.”

बुवांनी आवाज आणखी उतरवला.

“एक दिवस ही तुझी कडी वाजली. ती आतून धावत आली. आम्हाला वाटलं, भाजलं की काय. दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझा भागवत अस्साच यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली. पंगत उठेपर्यंत बोलत होती.”

“आणि हे सगळे...”

“ह्यांना तुझ्या जाहिरातीचा वीट आलाय,” बुवा म्हणाले. “पण त्या वेळी कुणी चॅनल बदलत नाही.”

उन्मेषने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आता केसांच्या तेलावर खेकसत होते.

बक्षीस घेताना उन्मेषने भाषण केलं होतं, त्यात आवाज होता, शांतता होती, प्रेक्षकाचं मन होतं. पिठाचे हात नव्हते. त्या कडीपलीकडे कुणीतरी खरंच वाट बघत असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“बुवा...”

“हं.”

“आज शेवटचा दिवस आहे. उद्यापासून ती लागणार नाही.”

बुवांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“तिला कुणी सांगायचं?”

“मला कशाला विचारतोस?” बुवा म्हणाले.

---

उन्मेष स्वयंपाकघरात गेला. जाता जाता त्याला युक्ती सुचली आणि त्याचे पाय हलके झाले. जाहिरात त्याच्या मोबाइलमध्ये होतीच. मुंबईहून एक नवा मोबाइल पाठवून द्यायचा, त्यात ती घालायची. सुंदराबाईंनी हवी तेव्हा लावावी, हवी तितक्यांदा. कंपनी बंद करू दे नाहीतर काय वाट्टेल ते करू दे.

तो चुलीसमोर बसला. आपण कोण ते सांगितलं. ती जाहिरात आपण केली, हेही सांगितलं.

सुंदराबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याला नीट न्याहाळलं.

“तुम्ही केलीसा व्हय ती?” त्या म्हणाल्या. “मग एक सांगा दादा. त्या पोराला जेवाय घातलं हुतं का तुम्ही?”

“कुठल्या?”

“त्या टीव्हीतल्या. रोज म्हणतंय, भूक लागली, भूक लागली.”

उन्मेषला ते चित्रीकरण आठवलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या पोराकडून तेच एक वाक्य म्हणून घेतलं होतं. कधी घाई झाली, कधी भूक खरी वाटली नाही. रस्सा तर कॅमेऱ्यासाठी रंग घालून उकळलेला होता. पोराने काय खाल्लं, कधी खाल्लं... त्याला काही आठवेना.

“घातलं असेल,” तो म्हणाला. “कुणीतरी बघितलंच असेल.”

“बघाय पायजे,” सुंदराबाई म्हणाल्या. त्यात ठपका नव्हता. त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली.

मग त्याने सांगितलं. ती जाहिरात उद्यापासून लागणार नाही. आणि त्या काही बोलायच्या आत त्याने मोबाइल काढला, जाहिरात लावली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात पदराला पुसले आणि मोबाइल दोन्ही हातांत घेतला, प्रसाद घ्यावा तसा.

कडी वाजली. “आई, आलो गं. भूक लागली.”

सुंदराबाई त्या लहानशा पडद्याकडे बघत राहिल्या.

“ये” त्यांच्या तोंडून आलं नाही.

“असा एक मोबाइल तुम्हाला पाठवून देतो,” उन्मेष म्हणाला. “इथे बोट ठेवलं, की...”

“नगं, दादा.”

“का? पैशाचा विचार करू नका...”

“तसं न्हवं.” त्यांनी मोबाइल पदराने पुसून त्याच्या हातात दिला. “मी बोट ठिवलं म्हणून त्यो आला, असं हुईल. भागवत काय हाका मारून यायचा न्हाई. हाका मारल्या की उलट लांब पळायचा. मी आपली कामात असायची... ध्यानीमनी नसताना कडी वाजायची. तसा आला तर त्यो त्याचा. म्या लावला तर ह्यो नुसता आवाज.”

तव्यातून धूर निघत होता. त्यांनी भाकरी काढली आणि विस्तव मागे ओढला.

“पर तुम्ही सांगितलंसा ते बरं केलं,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर मी उगंच वाट बघत बसली असती.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आज आजून एकदा लागंल का?”

“लागायला हवी.”

---

तो पडवीत आला आणि त्याने गुरुजींना सांगितलं. एकाने ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं. मालिका ऐन रंगात आली होती; नायिकेला घराबाहेर काढत होते. पण तिच्यात कुणाचं लक्ष लागेना.

“अरे, ही बाई बाहेर कधी जाणार?” गुरुजी वैतागले. “जाहिराती लावा की लवकर.”

हे आपण म्हणालो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खाकरले. कुणी हसलं नाही.

त्यांनी चॅनल बदलून पाहिलं. तिथे बातम्या. पुन्हा बदललं. तिथे गाणं. पुन्हा मालिकेवर आले. पंगत मांडायची वेळ झाली, तरी कुणी उठेना. शेवटी बुवा स्वतः पत्रावळी मांडू लागले, तेव्हा सगळे आपापल्या जागी बसले, माना मात्र टीव्हीकडेच. सुंदराबाई वाढायला आल्या. पावट्याची आमटी, भाकरी, मिरचीचा ठेचा. त्या पानापानाशी वाकत होत्या, विचारत होत्या, आग्रह करत होत्या. रोजच्यासारख्याच.

उन्मेषच्या पानाशी त्या वाकल्या, पळी आमटीत बुडवली, आणि...

कडी वाजली.

गुरुजींचा खरकटा हात रिमोटकडे गेला. उन्मेषच्या मनात आलं, पुढचं वाक्य आपण शेकडो वेळा ऐकलंय. तरी त्याने श्वास रोखला. ते पोर कोण होतं, आता कुठे असेल, त्याला कुणी जेवायला घातलं असेल का...

“आई, आलो गं. भूक लागली.”

सुंदराबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. फाटकाकडे पाहिलं.

“ये,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “ये, बाळा. बस.”

पाकीट आलं. पाकीट गेलं.

त्यांनी पळी उन्मेषच्या पानात ओतली आणि पुन्हा भरली.

“जेवा, दादा. गार हुतंय.”

उन्मेष खाली मान घालून जेवला. त्याने मागून घेऊन आणखी एक भाकरी खाल्ली.

---

सकाळी निघताना तो बुवांच्या पाया पडला. बुवा त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आले. हवेत गारठा होता. नदीवर धुकं उतरलं होतं.

“रात्री मी साहेबांना फोन केला होता,” उन्मेष म्हणाला. “आणखी काही दिवस चालवा म्हटलं. ते म्हणाले, नाही जमणार. लोक वैतागलेत.”

“खरंच वैतागलेत.”

“आणि त्या पोराचा पत्ता काढायला सांगितलाय. मुंबईत उतरलो की आधी त्याच्याकडे जाणार आहे.”

“जा.”

उन्मेषने गाडीचं दार उघडलं, पण तो बसला नाही.

“बुवा, मी काल विचारलेलं... एकच गोष्ट माणसाला नकोशी का होते आणि हवीशी का होते... त्याचं तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

बुवा नदीकडे बघत होते.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. पडवीतला टीव्ही बंद होता. सुंदराबाई अंगणात सडा घालायला आल्या. पाणी शिंपडता शिंपडता त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, तिथे हे दोघे उभे दिसले, आणि त्या पुन्हा कामाला लागल्या.

उन्मेष त्यांच्याकडे पाहत राहिला.

“मी येत जाईन, बुवा,” तो म्हणाला. “आता खरंच येत जाईन. निघायच्या आधी फोन करीन, म्हणजे तुमची धावपळ...”

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“कळवू नकोस,” ते म्हणाले. “आणि येताना जेवून येऊ नकोस.”