डोंगराची रिकामी वाटी

एक होता राजा, रायाजी. मोठा भाबडा, बरं का. जो शेवटी बोलेल त्याचंच त्याला खरं वाटायचं. त्याच्या गावाला लागून डोंगर. डोंगरावर रान, रानात झरा, आणि सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं.

एकदा काय झालं, एक पंडित आला. म्हणाला, "महाराज, जग माणसासाठीच केलंय. डोंगर तुमचा नोकर." झालं! राजानं रान तोडलं, माड्या बांधल्या. मग झरा आटायला लागला. राजा झऱ्यापुढे उभा राहून ओरडला, "वाहा! हुकूम आहे!" झरा कसला ऐकतोय! हसू नका रे, ठसका लागेल.

मग दुसरा पंडित आला. "महाराज, जग नुसती माया. झरा माया, तहानही माया." राजा खूश. रिकामा तांब्या अंगावर ओतायचा नि म्हणायचा, "हर हर गंगे!" पंडित मात्र राणीच्या माठातलं पाणी चोरून प्यायचा. लबाड मेला!

मग तिसरा आला. "महाराज, झाड तुम्हीच, डोंगर तुम्हीच, मुंगीही तुम्हीच." किती गोड बोलणं! पण राजानं काय केलं? पलंगावर आडवा झाला. डास चावले की म्हणायचा, "मीच मला चावतोय."

इकडे झरा पार आटला. लोकांनी गाव सोडायला गाड्या जुंपल्या. राणी चंपावतीला रडूच आलं. ती म्हणाली, "अहो, उठा! गाव चाललं. राज्य कुणावर करणार? डासांवर?"

राजा घाबरला. "मग डोंगर माझा कोण गं?"

"शेजारी! शेजारणीनं खिरीची वाटी पाठवली, तर रिकामी परत करतो का आपण?"

"छे! चिमूटभर साखर तरी घालतोच की."

"मग डोंगरानं पिढ्यान्‌पिढ्या पाणी दिलं. तुम्ही वाटीत काय घातलंत?"

राजाला फार वाईट वाटलं. मग त्यानं बियांची पाटी डोक्यावर घेतली आणि स्वतः डोंगर चढला. मागून सगळं गाव, त्यामागून धापा टाकत तिघे पंडित. सगळ्यांनी खड्डे खणले, बिया पेरल्या.

तसा डोंगर गदगदून हसला. म्हणाला, "आज पहिल्यांदा वाटी भरून आली रे!" आणि झुळझुळ झरा वाहायला लागला.

लोकांनी बैल सोडले. राजा, राणी, गाव, सगळी सुखानं राहिली. पंडित अजून भांडतात, पण रोपांना पाणी घालता घालता. चला, डोळे मिटा. आता जो बोलेल त्याला त्या तिघांच्या मधे झोपवीन.