कासाराची दोन बोटे

एकदा एक वृद्ध मिस्त्री घाटाच्या पायथ्याशी दुचाक्यांचे गॅरेज चालवीत असे. त्याचा शिष्य तिशीचा, कामात वाकबगार आणि तितकाच मानी होता. एका दुपारी एक कासार मोटारसायकल ढकलीत तेथे आला. मागे बांगड्यांची लाकडी पेटी, सदरा घामाने चिंब.

"उस्ताद, इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी पुढं सरकत नाही. दुसऱ्या वळणावरून माघारी आलो. वरच्या गावात चार वाजता नवरीला चुडा भरायचाय. आज्यापासून त्या घरचा चुडा आमच्या हातचा. नाही पोचलो तर दुसऱ्याला बोलावतील, अन् एकदा उंबरा सुटला की सुटला."

दोन वाजून गेले होते. क्लचच्या नव्या प्लेटांना पंधराशे लागणार. कासाराचा पैसा मालात अडकलेला, खिशात तीनशे. शिष्याने मात्र गाडी ओळखली. सहा महिन्यांपूर्वी याच गाडीत नव्या प्लेटा त्यानेच बसवल्या होत्या. पुढे दोनदा तक्रार आली, तेव्हा क्लचची वायरही त्यानेच सैल करून दिली होती. आता आपले काम कच्चे ठरणार, याची त्याला धास्ती वाटली.

ऑइल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गाडी एका अंगावर कलती केली आणि झाकण उघडले. प्लेटा काळ्या पडून गुळगुळीत झाल्या होत्या.

"जाडी आहे अजून," मिस्त्री म्हणाला. त्याने आरशाच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरला आणि एकेक प्लेट हलक्या हाताने घासली.

"उस्ताद, माझं काही चुकलं होतं का?" शिष्याने हळूच विचारले. मिस्त्री हँडलवरची क्लचची दांडी निरखीत होता. तिचा काळा रंग बरोबर दोन बोटांपुरता उडाला होता.

पावणेतीनला गाडी जुळली. कासार किक मारणार, तोच मिस्त्रीने चावी काढून घेतली आणि मागच्या घराकडे वळून बायकोला हाक दिली, "अगं, बाहेर ये. बांगड्या भरून घे."

कासाराचा चेहरा पडला. म्हातारा चळला की काय, असे शिष्याच्या मनात आले. पण दारात आलेल्या सवाशिणीला नाही कसे म्हणणार? कासार पेटी सोडून खाली बसला.

"हात सैल सोडा, माय." त्याने बोटांची पेरे आवळून धरली, बांगडी मनगटात उतरवली आणि हात सोडला.

"हात आवळलात तो पुरता, सोडलात तोही पुरता," मिस्त्री म्हणाला. "मधेच अर्धवट धरून बसला असतात तर?"

"बांगडी वाढली असती. माउलीच्या हातात रुतली असती." कासाराच्या तोंडी 'फुटणे' हा शब्द येत नाही.

"मग दांडीवरची दोन बोटं का उचलत नाही?"

कासार गडबडला. "गचक्यानं माल जाईल म्हणून... जरा धरून असतो."

"त्या भीतीपायी तुम्ही धड धरत नाही, धड सोडत नाही. अर्धवट धरलेल्या प्लेटा एकमेकींवर घासतात आणि जळतात. काच जपायची तर पेटीत पेंढा भरा. दांडी दाबायची ती पुरती. सोडायची ती हळू, पण पुरती. हे काम दोन-तीन महिने तग धरेल. बोटं तीच राहिली, तर नव्या प्लेटाही जळतील." मग तो शिष्याकडे वळला. "तुझं काम चोख होतं. पण तू दोनदा गाडी तपासलीस. माणसाला चालवताना एकदाही पाहिलं नाहीस."

मजुरी बांगड्यांत फिटली. पेटीत पेंढा कोंबून कासार निघाला. गुरुशिष्य रस्त्याकडेला कान देऊन उभे राहिले. पहिले वळण गेले. दुसऱ्यावर आवाज चढला, आणि शिष्याने श्वास रोखला. गिअर पडला, आवाज घुमला आणि वर वर जात ऐकू येईनासा झाला.

चारला पाच मिनिटे असताना फोन आला. "दोन बांगड्या वाढल्या, उस्ताद. पण नवरी पुढ्यात बसलीय!"

संध्याकाळी क्लच घसरतो म्हणून आणखी एक जण आला. शिष्याने पाना उचलला आणि परत ठेवला. "आधी एक फेरी मारा," तो म्हणाला. "मी मागं बसतो."

जपण्याच्या नावाखाली आपणही कुणाला असेच अर्धवट धरून ठेवले असेल, तर एकदा आपली दोन बोटे पाहावीत.