दादाचा पितळी बुश

“…मग दादाचं माप चुकलं का नाही, एवढंच सांगा.”

इलाहीचाचांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि खिडकीत ठेवली.

समोर बापू गुऱ्हाळवाल्याचा उसाचा घाणा उघडून ठेवलेला होता. त्याच्या बिडाच्या चौकटीत बसवायचा, ज्यात लाटेचा दांडा फिरतो तो पितळी बुश माझ्या थोरल्या भावानं, सर्जादादानं लेथवर काढला होता. ते त्याचं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली.

बुश भोकात जात नव्हता. केसभर मोठा होता.

दहाव्याला बापू सगळ्यांदेखत म्हणाला, “ज्याला माप दिसेना, त्याला ट्रॉली काय दिसणार.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बुश घासायचा, बसवायचा आणि बापूला बोलवून दाखवायचा. तेवढ्यात चाचा लेकीच्या गावाहून आले. चाचा म्हणजे दादाचे उस्ताद.

“घासायला का निघालास?”

“मोठा आहे.”

“मोठाच पाहिजे.”

“मोठी वस्तू लहान भोकात कशी जाईल, चाचा?”

“ठोकून बघितलंस?”

“लाकूड धरून ठोकला.”

“गेला?”

मी चिरलेलं लाकूड पुढं केलं.

चाचांनी दाराशी ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या कॅनकडे बोट केलं. दूध संघाचा जनावरांचा डॉक्टर गायी भरवायला येताना असला कॅन घेऊन येतो. आत वळूचं बीज गोठवून ठेवणारा पातळ नायट्रोजन असतो, बर्फाहून कितीतरी गार.

मला हसू आलं. कडवट.

“बुशाला वासरू व्हायचंय का?”

“झालं तर तुझ्याहून शहाणं होईल.” चाचा खाली बसले. “आत्ता डॉक्टर देऊन गेला. सर्जेरावांनी सांगून ठेवलं होतं म्हणाला. उरलेला नायट्रोजन द्या, बुश बसवायचाय.”

“कधी सांगितलं होतं?”

“घाण्याचं काम घेतलं, त्याच दिवशी.”

“म्हणजे बुश काढायच्या आधी?”

“आधी.”

मी तिथंच जमिनीवर बसलो…

चाचांनी थर्माकोलच्या खोक्यात बुश ठेवला.

“दार उघड. खिडकी पण. ह्याचा धूर गुपचूप श्वास खातो.”

वरून त्यांनी कॅन ओतला. चुलीवर आधण यावं तसं खोकं खळखळायला लागलं. आग कुठंच नव्हती.

“आता?”

“गप्प बस.”

मला गप्प बसवत नव्हतं. मी उठलो, परत बसलो, हातोडा जवळ ओढला. चाचांनी तो पायानं लांब सारला.

मग खळखळ थांबली.

“आता बाहेरच्याइतकाच आतूनही गार झाला, आकसला. हातमोजे घाल. सांडशीनं उचल, सरळ धर, आणि भोकावर आला की सोड.”

“दाबू नको?”

“सोड म्हटलं.”

बुश पांढराफटक झाला होता, वाफा निघत होत्या. भोकावर आणला आणि माझा हात अडकला. दादाच्या हातची ती शेवटची वस्तू…

“रंगा, हवा लागतीय त्याला, परत फुगेल. थांबलास तर अर्ध्यावर अडकेल. ना तुझा, ना घाण्याचा.”

मी सांडशी उघडली.

पाण्यात तांब्या बुडावा तसा बुश आत गेला. ठोका नाही, आवाज नाही. तळाला टेकला.

मी मोज्यातल्या बोटानं हलवून बघितला.

“चाचा, हलतोय.”

“हलू दे.”

“सैल बसलाय.”

“अजून बसलाच नाही.”

“बापू बघेल तर काय म्हणेल…”

“बापूचं राहू दे. तू हात काढ.”

मी हात काढला. चाचांनी बिडी काढली, पण पेटवली नाही. नुसती दोन बोटांत फिरवत राहिले. पितळेवरचा पांढरेपणा विरघळला. पाणी झालं. त्याचे थेंब चौकटीवरून खाली ओघळले. मग पाणीही वाळलं.

“आता हलव.”

मी हलवला. तो हलला नाही. दोन्ही हातांची बोटं आत अडकवून धरला, चौकटीला पाय लावला, अंग मागं टाकून ओढला. घाण्याचं सगळं धूड करकरलं. बुश जागचा हलला नाही.

मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना.

“दादाचं माप बरोबर होतं.”

“बरोबर होतं.”

“आंधळा नव्हता तो.”

“नव्हता.”

मी बुशावर तळवा ठेवला. आता तो घाण्याइतकाच कोमट होता. कुठं चौकट संपते आणि कुठं बुश सुरू होतो, ते हाताला कळत नव्हतं.

“चाचा… आता हा कधी निघायचा?”

चाचांनी बिडी पेटवली.

“निघत नसतो, लेका. घाणा फिरव… झिजतो.”