अस्वलिणीने बांधलेली वेल

माणसांनी मैदानं आखली त्याच्या कितीतरी आधी, एका रानात झाडाच्या ढोलीत बेलफळ टाकायचा खेळ चालायचा. कप्तान ज्याच्या मनगटाला गुळवेल बांधील, तो तीन वर्षं त्याच संघाचा. वेल मध्येच सोडायची नाही, असा कायदाच होता.

एकदा कप्तान अस्वलिणीने झिपऱ्या नावाच्या कोवळ्या वानराला वेल बांधली. त्याचे दहातले नऊ नेम चुकत.

“आधी जिंकू दे, मग बांध की!” संघातलं म्हातारं सांबर खेकसलं.

“चुकलेलं प्रत्येक फळ तो स्वतः उचलून आणतो आणि पुन्हा तिथूनच टाकतो,” अस्वलीण म्हणाली. “मला एवढं पुरे.”

दोन वर्षं संघ हरला. सांबराचे टोमणे थांबेनात. तिसऱ्या वर्षी मात्र झिपऱ्याचा एकही नेम चुकेना.

मुदत संपली त्याच दिवशी नदीपलीकडच्या संघाचा बिबट्या ताजी वेल घेऊन हजर. “आमच्याकडे ये. आंब्याचं अख्खं झाड तुझं!”

“दादा, तुम्ही माझे लागलेले नेम बघून आलात,” झिपऱ्या म्हणाला. “मावशीने चुकलेले बघून वेल बांधली होती.”

त्याने अस्वलिणीपुढे मनगट धरलं. तिची मान ताठ झाली.

नवी वेल तोडून आणायला सगळ्यांच्या आधी धावलं, ते सांबर.