मोंगीबायचा समुद्रफेस

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि बंदरात दीपस्तंभही नव्हता, तेव्हा शंखाळे नावाच्या कोळीवाड्यात घरटी एक पोपट असायचा. हौस म्हणून नव्हे हो! त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मग धनी दर्यावर गेला की त्याला हाक कोण मारणार? तर पोपट. सून घरात आली की सासू पोपटाला मुलाचं नाव शिकवायची आणि पिंजरा सुनेच्या हवाली करायची. पोपट नाव घेतोय तोवर माणूस सुखरूप आहे, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. नाव कानावर पडलं की बायका निर्धास्तपणे भाकऱ्या थापायला बसायच्या.

याच गावात मोंगीबाय राहायची. तिचा नवरा लखमा बारा वर्षांपूर्वी दर्यावर गेला तो परतलाच नव्हता. पण तिचा पोपट रोज सकाळी ओरडायचा, "लखमा, ये! लखमा, ये!" म्हणून मोंगीबायच्या हातात हिरवा चुडा होता, कपाळी कुंकू होतं. लखमा कुठेतरी जिवंत आहे, येईल एक दिवस, असं गाव म्हणायचं. मोंगीबाय यावर कधी काही बोलायची नाही.

एका वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत हटेना. पोपटांना मऊ भाताशिवाय काही मिळेना. त्यांच्या चोची वाढल्या, वाकड्या झाल्या, त्यांचे पापुद्रे सुटू लागले. पण सगळ्यांचे डोळे आभाळाकडे, चोचींकडे बघतो कोण? मार्गशीर्षात आभाळ निवळलं तशा दहा होड्या निघाल्या, चाळीस माणसं घेऊन. तिसऱ्या दिवशी वादळ उठलं. आणि वादळ सरता सरता एकेक पोपट गप्प झाला. चाळीस घरांतले चाळीस पोपट मान टाकून बसले. साऱ्या गावात बोलत होता तो एकच, मोंगीबायचा.

सयाबाय गावात सगळ्यांत वडील. तिचा शब्द कुणी मोडत नसे. आठव्या दिवशी तिने डोळे पुसले आणि सांगितलं, "पोरींनो, पाखरा मुकी झाली. आता वाट बघून काय उपेग? उद्या सकाळी चुडे फोडा. किनाऱ्यावरचा जाळ विझवा."

तो जाळ बघूनच होड्या खाडीचं तोंड शोधायच्या. तो विझला की दर्यावरच्या माणसांना घरची वाट उरणार नव्हती.

मोंगीबायने हे ऐकलं. तिला जे ठाऊक होतं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एका पहाटे, केवड्याच्या बनापलीकडे, लखमा तिला वाळूत सापडला होता. तिने हातांनी वाळू उकरून त्याला मातीआड केलं होतं. परत फिरताना पायाशी समुद्रफेस दिसला. समुद्रफेस म्हणजे माकूल नावाच्या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं हाड. दर्या ते किनाऱ्यावर टाकतो. रित्या हाताने घरी जाववेना म्हणून तिने ते उचललं आणि पिंजऱ्याला बांधलं. पोपटाने त्यावर चोच घासली, थोडं कुरतडलं आणि हाक मारली, "लखमा, ये!" ती हाक ऐकून मोंगीबायला चुडा उतरवण्याचं धाडसच झालं नाही. तेव्हापासून दर वर्षी ती त्या जागी जाई आणि नवा समुद्रफेस आणी.

आता बोलावं तर बारा वर्षांचं खोटं उघडं पडणार, चुडाही जाणार. न बोलावं तर चाळीस घरं बुडणार. मोंगीबाय दोनदा उंबऱ्यापर्यंत गेली आणि दोनदा मागे फिरली.

सकाळी सयाबायच्या अंगणात पाटा मांडला होता. सगळ्यांत धाकटी सून पुढे आली. तिने हात पाट्यावर ठेवले, तेवढ्यात कुणीतरी ते बाजूला सारले. मोंगीबाय होती.

"लखमा मेलाय," ती म्हणाली.

बायकांनी तोंडावर हात ठेवले. मेल्याचं नंतर, आधी नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून!

"बारा वर्सां झाली. मीच त्याला पुरला. माझा पोपट मेलेल्याला हाक मारतो, मग तुमचा गप बसला म्हणून तुमची मानसा कशी मरतील? चोची आजारी हायत गो, मानसा नाय!" एवढं बोलून तिने स्वतःचेच हात पाट्यावर आपटले. हिरव्या काचा अंगणभर उडाल्या.

मग सयाबाय उठली आणि जाळावर स्वतःच्या हाताने लाकूड टाकून आली.

असं म्हणतात, पुढचे सात दिवस भरतीने किनाऱ्यावर दुसरं काही टाकलंच नाही, नुसता समुद्रफेस. पांढऱ्या हाडांनी वाळू झाकून गेली. मोंगीबायने टोपल्या भरभरून घरोघर नेल्या, प्रत्येक पिंजऱ्याला एकेक हाड बांधलं. पोपट घासू लागले, कुरतडू लागले. चोची झिजल्या, सरळ झाल्या, अंगात बळ आलं.

आठव्या दिवशी सकाळी असं दाट धुकं पडलं की जाळ दहा पावलांवरून दिसेना. बायकांनी पिंजरे उचलून पाण्याच्या कडेला आणले. आधी एक पोपट बोलला, मग दुसरा, मग चाळीस नावं एकदम उठली. असं म्हणतात, तो आवाज तीन कोस गेला. शिडं फाटलेल्या, वाट चुकलेल्या होड्यांत प्रत्येकाने आपापलं नाव ऐकलं आणि नावाच्या दिशेने वल्ही मारली. धुक्यातून एकामागून एक दहा होड्या आल्या. माणसं मोजली. चाळीस भरली! मोंगीबाय वाळूत बसून हसत होती आणि ढसाढसा रडत होती.

तो पाटा सयाबायने त्याच दिवशी खाडीत टाकला.

आता बंदरात दीपस्तंभ आहे, खिशाखिशात फोन आहेत. तरी शंखाळ्यात मार्गशीर्ष लागला की बायका किनाऱ्यावरून समुद्रफेस वेचून आणतात आणि घरच्या पाखराच्या पिंजऱ्याला बांधतात. बांधताना आधी 'मोंगी' म्हणतात. मग प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने घेते. ज्यांचा माणूस दर्यावरून परत आला नाही, त्याही घेतात. त्यांच्या हातांत हिरवा चुडा असतो.