चकचकीत बिळाची भिंत

बाळांनो, भिंत बांधावी तर ती मीच! माझ्या हातची भिंत आजवर कधी पडलेली नाही. कारण ती पडण्याइतकी उभीच राहिली नाही. ते असो. गोष्ट उंदरांची आहे.

जंगल संपून ज्वारीचं शिवार लागतं, तिथल्या बांधात उंदरांची एक जुनी आळी होती. बिळं वेडीवाकडी, पण प्रत्येक बिळातून शेजारच्या बिळात जायला भिंतीत भोक. दाणे संपले की भोकातून पंजा पुढे करायचा. भांडणंही त्यातूनच चालत, म्हणून ती लवकर मिटत.

त्या आळीत एक तरुण उंदीर शहरातल्या गोदामात राहून परत आला. चालताना शेपटी अशी उचलून धरी, जणू आळीची धूळ तिला चावते! त्यानं आपलं बीळ नव्यानं बांधलं. दर्शनी बाजूला काच, खाली फरशीचे तुकडे, आणि भोक बुजवून भिंतीला गुळगुळीत पांढरा गिलावा.

शेजारची म्हातारी उंदरीण बघायला आली ती फरशीवरून घसरत थेट काचेपाशी. उठून म्हणाली, "छान आहे हो! पण आपलं दार कुठं गेलं?"

"मावशी, ते दार नव्हतं, भोक होतं. भिंतीला भोक म्हणजे नुसता गबाळेपणा."

"बरं बाबा," असं म्हणून मावशी लांबच्या वाटेनं घरी गेली.

एके दुपारी काचेतून आत डोकावलं कोण? साप! गुबगुबीत उंदीर त्याला आयताच दिसला. साप पुढच्या दारातून आत शिरला. उंदीर भिंतीकडे पळाला, पण गिलाव्यावर नखं ठरेनात. "मावशी, मावशी!" तो ओरडला.

पलीकडून मावशीनं हाक ऐकली. जुनं भोक कुठं होतं, ते तिला पाठ होतं. तिनं भराभरा माती उकरली, गिलावा फोडला, मिशांना धरून त्याला अलीकडे ओढलं आणि त्याच्याबरोबर घसरून आलेला त्याच्याच फरशीचा तुकडा भोकात घट्ट ठोकला. साप पलीकडेच फुसफुसत राहिला.

धाप ओसरली तसा उंदीर मिशा झटकत म्हणाला, "मावशी, केवढं भोक पाडलंत हो! सगळी भिंत विद्रूप झाली."

तात्पर्य : घर हवं तेवढं नवं बांधावं, पण शेजाऱ्याकडे जायची वाट लिंपू नये. हे मी सांगतोय; मावशीनं मात्र फरशीच्या तुकड्यावर हात ठेवून एवढंच विचारलं, "मग घालू का राजा, तुला परत पलीकडे?"